दोन कार्डं, एक लाइन

रायपुरात मोठ्या भावाला दादा म्हणायची सोय नाही. इथे दादा म्हणजे आजोबा. त्यामुळे घरात मराठी असूनही हेमंतला मी लहानपणापासून भैयाच म्हणत आले, आणि तोही माझ्याशी हिंदीतच बोलायचा. आई-बाबांशी मात्र आमची ती गोंदियाकडची, अर्धी हिंदी मिसळलेली मराठी. पण राग आला की त्याची मराठी संपायची. बाबा म्हणायचे, "हा पोट्टा हिंदीत घुसला की समजायचं, आता चूप बसायची पाळी आपली."

तात्यापारा मोहल्ल्यात एका कापडाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागे स्वयंपाकघर म्हणून एक बोळ. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं शहराबाहेरच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात धरमकाट्यावर काढली. कोळशाचे, खनिजाचे ट्रक वजनासाठी काट्यावर चढायचे आणि बाबा केबिनच्या खिडकीतून हात काढून पावती द्यायचे. ती खिडकी दिवसभर उघडीच असायची, कारण बंद केली तर पावती देणार कुठून. संध्याकाळी घरी आले की आई त्यांना आधी मोरीत पाठवायची. नाक शिंकरलं की काळं यायचं. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवरही काजळी बसायची, ती आम्ही झटकायचो आणि पांघरायचो. मग एके दिवशी बाबा जिन्यात मध्येच बसले आणि वर हाक मारून आईला म्हणाले, "काय गं, मालकानं पायऱ्या वाढवल्या काय?" आई हसली. मीही हसले. ते मात्र बराच वेळ उठले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं कडक झालीत, आता सुधारायची नाहीत, फक्त सांभाळायची. काही महिन्यांनी घरात ऑक्सिजनची मशीन आली. मोठ्या पेटीएवढी, चाकं असलेली, खोलीतलीच हवा ओढून त्यातला ऑक्सिजन नळीतून नाकाशी पोचवणारी. तिला सिलिंडर लागत नाही, वीज लागते. तिचा आवाज धप्प आणि मग लांब सुस्स असा होता, श्वास टाकल्यासारखा. पहिले काही दिवस आम्हाला झोप आली नाही. पुढे त्या आवाजाशिवाय झोप येईना.

खाणं हे बाबांचं मोठं दुखणं झालं होतं. चावायला लागलं की श्वास पुरत नसे. पोळी, भाकर सुटली. आई शेजारणींकडून शिकली होती ते बोरे-बासी त्यांना चालायचं: रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सकाळी त्यात मीठ, बाजूला कांदा आणि आंब्याच्या लोणच्याचा खार. चमचाभर घ्यायचे, थांबायचे, छताकडे बघायचे, पुन्हा चमचा. एक वाटी भात संपायला आईची कामावर जायची वेळ व्हायची. ती वाट बघत उभी राहायची, पण "लवकर" हा शब्द तिने कधी काढला नाही. आज मी माझ्या मुलीला ताटावरून घाई करते आणि मध्येच गप्प होते, तेव्हा तिला कळत नाही काय झालं.

आई गोल बाजारात साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या दुकानात जायची. माझं कॉलेज होतं. दिवसा बाबांजवळ कोणीतरी हवं होतं, म्हणून भैयाने आर्किटेक्टच्या ऑफिसातली नोकरी सोडली आणि तेच काम घरी आणलं. न बांधलेल्या इमारतींची चित्रं तो कॉम्प्युटरवर बनवायचा. नव्या रायपुरात होर्डिंगवर फ्लॅटच्या बाल्कनीत कुंड्या आणि स्वच्छ निळं आभाळ दिसायचं ना, तसली. पण आमचा कॉम्प्युटर जुना. एक चित्र रेंडर व्हायला, म्हणजे उजेड-सावल्यांसकट पक्कं होऊन बाहेर पडायला, अर्धा दिवस जायचा, आणि तेवढा वेळ पडदा असा गोठायचा की माउसचा बाणसुद्धा हलायचा नाही. एक काम शिजत असेल तर दुसरं हातात घेता येत नसे. ऑफिसात यासाठी दोन-तीन मशीन असतात. घरी एकच.

त्याचा एक मित्र नोकरीसाठी बाहेरगावी चालला होता. त्याच्याकडून भैयाने आणखी एक ग्राफिक्स कार्ड आणलं, पडद्यावर चित्र उमटवायचं काम ज्या पाटीवर चालतं ती. आमचं जुनं कार्ड एका कंपनीचं होतं, हे दुसरीचं. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याने साफ सांगितलं, "दो कंपनी का कार्ड एक डब्बे में नहीं चलता, भैया। दोनों के ड्राइवर आपस में लड़ेंगे।" आणि लढलेच. बरेच दिवस पडदा कधी काळा तर कधी निळा. भैया जेवणाचं ताट मांडीवर घेऊन त्या पडद्यासमोर बसायचा आणि भात वाळून जायचा. शेवटी त्याला क्रम सापडला. आधी सगळं पुसायचं, मग जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, त्यानंतर नव्याचा, आणि मॉनिटरची वायर फक्त जुन्यालाच लावायची. नव्याला पडदा द्यायचाच नाही, त्याने नुसतं रेंडर करायचं.

ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी तो बाबांना हाताला धरून पुढच्या खोलीत घेऊन आला. नळी लांब होती, दारातून वळून यायची. एकीकडे चित्र शिजत होतं आणि त्याच पडद्यावर भैया दुसऱ्या घराचा जिना काढून दाखवत होता.

"दोन कार्डं आहेत बाबा," तो म्हणाला. "जुनं दाखवते, नवं राबते."

बाबांनी उघड्या सीपीयूत डोकावून पाहिलं. "म्हणजे आपल्या घरासारखंच. मी नुसता दिसतो, तुही माय राबते."

"कळते तं सही," आई आतून म्हणाली. बाबा हसले आणि हसताहसता खोकायला लागले. खोकला थांबेपर्यंत तिघंही आम्ही त्यांच्याकडे न बघता उभे होतो. त्या घरात आम्ही शिकलेली सभ्यता ती.

दोन्ही कार्डं एकमेकांना चिकटून बसवलेली असल्यामुळे फार तापायची. सीपीयूचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं असायचं आणि त्यावर टेबलफॅनचा झोत. उघड्या डब्यात काजळी जायची. भैया दर रविवारी ब्रशने पंखे साफ करायचा. एकदा बाबा शेजारी बसून ते पाहत होते. वर्तमानपत्रावर काळ्या भुकटीचा छोटा ढीग जमला. बाबांनी त्यात बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "हे आमच्या काट्यावरचंच आहे." भैयाने कागदाची पुडी केली आणि खाली नेऊन टाकली. पुढे तो डबा बाबा झोपल्यावरच उघडायचा.

उन्हाळा चढला तसा खरा त्रास सुरू झाला. आमच्या दोन्ही खोल्या एकाच लाइनवर होत्या. बाबांची मशीन, त्यांच्या खोलीतला कूलर, फ्रिज, आणि पुढच्या खोलीत दोन कार्डांचा कॉम्प्युटर. एप्रिलपर्यंत दुपारचा फ्रिज बंद ठेवून भागलं. पण मे महिन्यात दुपारी सगळं शहर कूलर लावून बसतं, व्होल्टेज पडतं, आणि नवं कार्ड पूर्ण जोराने चालायला लागलं की जिन्यातल्या मीटरजवळची एमसीबी, भार वाढला की वीज तोडणारा खटका, खट् करून पडायची. यूपीएस दोन कार्डांचं ओझं पेलायचा नाही, चीं करून तोही मान टाकायचा. अर्ध्या दिवसाचं रेंडर जायचं. भैया धावत जिना उतरायचा, एमसीबी वर करायचा, धावत वर येऊन आधी बाबांची मशीन सुरू झाली की नाही ते बघायचा आणि मगच कॉम्प्युटरकडे वळायचा. पडद्यासमोर बसून तो दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरायचा. बाबांना पलंगावरून दारातून तेवढंच दिसायचं: त्याची पाठ आणि कोपर.

त्याने घरमालकाला सांगून ठेवलं होतं की आमच्यासाठी वेगळी लाइन ओढू द्या. मालक "करवा देंगे, करवा देंगे" म्हणत होता. लग्नसराई होती, खालच्या त्याच्याच कापडाच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आईलाही नव्हती. आणि भैयाकडे एका मोठ्या कॉलनीचं काम आलं होतं, तोवरचं सगळ्यात मोठं, पुढची सगळी कामं त्यावर ठरणार होती. मग अचानक एमसीबी पडायची थांबली. भैया जेवताना म्हणाला, व्होल्टेज सुधारलेलं दिसतं. बाबांनी मान हलवली. "हव," ते म्हणाले. "सुधारलं."

एका दुपारी माझा पेपर लवकर संपला. ऊन असं होतं की सायकलची मूठ धरवत नव्हती. मी जिना चढले तेव्हा पुढच्या खोलीतून नव्या कार्डाच्या पंख्याची शीळ ऐकू येत होती. तो आवाज सहन होत नाही म्हणून भैया कानांवर हेडफोन लावून काम करायचा. तसाच बसला होता, माझ्याकडे पाठ करून. आत कूलर घरघरत होता. मी चप्पल काढली, माठातून पाणी घेतलं, आणि पेला तोंडाशी नेल्यावर थांबले. काहीतरी कमी होतं. काय ते लगेच कळेना. मग कळलं.

आजही घरात फ्रिज थांबला तरी मी हातातलं काम सोडून कान देते. नवरा म्हणतो, फ्रिज आहे, थांबतो आणि सुरू होतो. मला माहीत आहे.

बाबा पलंगावर बसले होते, समोर स्टुलावर उशी ठेवून तिच्यावर दोन्ही कोपर टेकवलेले, खांदे कानांपर्यंत वर चढलेले. नळी नाकात होती. मशीन बंद होती. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. मला बघून त्यांनी एक बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं. मग दाराकडे, भैयाच्या पाठीकडे नजर टाकली.

मी बोर्डाकडे धावले आणि मशीनचं बटण दाबलं. जिन्यात खट् झालं. कूलर थांबला, शीळ थांबली, सगळं घर एकदम मुकं झालं. आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "भैया!"

तो दारात आला तेव्हा हेडफोन गळ्यात लटकत होता. एका नजरेत त्याला सगळं दिसलं असणार. कोपऱ्यात अडीअडचणीसाठी लहान सिलिंडर ठेवला होता, त्याची चावी त्याने फिरवली. मी मशीनचं बटण परत बंद केलं आणि नळी बदलली. बाबांच्या पाठीवर हात ठेवला, तर बनियन घामाने थंडगार झालं होतं. भैया खाली गेला, एमसीबी वर करून परत आला. हळूहळू बाबांचे खांदे खाली आले.

"कोणं बंद केली?" भैयाने विचारलं.

"मीच," बाबा म्हणाले. एकेक शब्द वेगळा येत होता. "तुयं ते... चित्र होतपर्यंत. थोडा वेळ."

"कधीपासून करून राहिले तुम्ही हे?"

"आजच."

लाइन आली होती, पण मशीन अजून सुरू केलेली नव्हती. ते बटण पलंगापासून लांब होतं. बाबांनी आमच्याशी बोलताबोलता उशाशी ठेवलेली काठी उचलली, बोर्डाकडे न बघता पुढे केली, आणि पहिल्याच टोल्यात नेमकं ते बटण खाली गेलं. धप्प, सुस्स. त्यांच्या लक्षातही आलं नाही की त्यांनी काय दाखवलं. भैयाने माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं होतं.

"आपको समझ में आता है कुछ?" भैया किंचाळला. "मर जाते आप! मैं यहाँ बैठा हूँ, दरवाज़े के उस तरफ़, और आप मर जाते!"

"ओरडू नको. खाली दुकानात लोकं आहेत."

"लोग? लोगों की पड़ी है आपको?"

तो पुढच्या खोलीत गेला. मागोमाग मी गेले. त्याने कॉम्प्युटरची वायर उपटली, उघड्या डब्यात हात घातला आणि नवं कार्ड, जे अजून चटका बसेल इतकं गरम होतं, नुसत्या हाताने ओढून बाहेर काढलं. त्याच्या बोटांवर फोड आले, ते मला संध्याकाळी दिसले.

"परत लाव ते," आतून बाबा म्हणाले.

"नाही लावत."

"हेमंत. इकडे ये." तो दारापर्यंत गेला, आत गेला नाही. बाबा सिलिंडरच्या नळीतून श्वास ओढत, थांबत, ओढत बोलत राहिले. "मी बसलो तं बसलोच आहे. माह्या उठण्याबसण्यानं काही थांबत नाही. तू बसला तं घर बसते. तुया मायनं किती दिवस त्या पिकोच्या मशीनवर पाय मारायचा? ही पोट्टी शिकून राहिली. तुले वाटते मले मरायची हौस आहे? नाही रे. मले फक्त तुयं काम पडताना पाहवत नव्हतं. तू असे डोळे दाबून बसते, ते मले इथून दिसते."

भैया तिथेच चौकटीला टेकून खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. बाबांना उठून त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं. ते काठी पुढे करून तिच्या टोकाने त्याच्या पायाला हळूच स्पर्श करत राहिले. "उठ," म्हणत राहिले. "उठ रे."

आई संध्याकाळी आली. मी तिला जिन्यातच गाठून सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली, कठड्याला धरून थोडी उभी राहिली, मग वर गेली. भात लावला, पातळ वरण केलं, वाटी घेऊन बाबांसमोर बसली. दोन चमचे झाल्यावर तिने वाटी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मले विचारायचं तरी होतं. लग्न माह्याशी झालं न तुमचं." बाबांनी मान खाली घातली. आम्ही त्यांना कारखान्याच्या साहेबांसमोरही कधी अशी मान घालताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः खाली दुकानात गेली आणि लाइन ओढली जात नाही तोवर मालकाच्या गादीजवळून हलली नाही. गिऱ्हाइकं तिच्या बाजूने वळून आत जात होती. संध्याकाळपर्यंत मीटरपासून बाबांच्या खोलीत वेगळी वायर आली. इतकं सोपं होतं ते. भैयाने कॉलनीचं काम जुन्या एकट्या कार्डावर करायचा प्रयत्न केला, ते वेळेत झालं नाही, आणि ती मंडळी दुसऱ्याकडे गेली. बाबांच्या हट्टाखातर पावसाळ्यात त्याने नवं कार्ड पुन्हा बसवलं. चाललं ते, काही तक्रार नव्हती. पण हेडफोन त्याने परत कधी लावला नाही. ती शीळ ऐकत बसायचा, आणि शिळेच्या पलीकडचा आवाज ऐकत.

बाबा दिवाळीनंतर गेले, सरकारी दवाखान्यात, दुपारीच. शेवटच्या दिवसांत भैयाने डॉक्टरांना व्हरांड्यात अडवून विचारलं होतं की उन्हाळ्यात ते असे बिनऑक्सिजनचे राहिले, त्याने हे झालं का. डॉक्टर थकलेले होते, पण उभे राहिले. म्हणाले, "बीमारी यही करती है। उससे कितना फ़र्क पड़ा, यह कोई नहीं बता सकता।" मी ते ऐकलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. भैयाला तेच वाक्य शिक्षेसारखं लागलं. त्याने बाबांनाही विचारलं, मी तिथेच होते. किती दिवस चाललं होतं, बाबा? खरं सांगा. बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू जेवला का?" त्यानंतर विचारायची संधी आली नाही. आज पन्नाशीकडे झुकलेला माझा भाऊ अजूनही कधीकधी फोनवर बोलताबोलता थांबतो, आणि तो कुठे पोचला आहे ते मला कळतं.

तेरावं झालं आणि मशीन खोलीत तशीच उभी होती. आईच्या दुकानातल्या एका बाईची आत्या अभनपुरला होती, तिलाही तोच आजार निघाला होता. आईने मशीन त्यांना देऊन टाकायचं ठरवलं. भैया म्हणाला, मी पोचवून येतो, आणि मला सोबत घेतलं. घर बाजाराच्या मागे होतं, अंगणात धान पसरलेलं. म्हातारी ओसरीवर उन्हात बसली होती, खांदे तसेच वर चढलेले. तिचा मुलगा आमच्यासाठी चहा सांगायला निघाला, तर भैयाने त्याला थांबवलं आणि आधी मीटर दाखवायला सांगितलं. वायर कुठून कुठे जाते ते त्याने हाताने चाचपून पाहिलं. या लाइनवर आणखी काय काय आहे ते विचारलं. मोटर आहे, टीव्ही आहे, मुलगा म्हणाला. "अलग करवाओ," भैया म्हणाला. "आज ही। मैं रुकता हूँ।" आणि तो खरंच थांबला, मिस्त्री येऊन वायर ओढून जाईपर्यंत.

मशीन सुरू झाली. म्हातारीने नळी नाकात घातली आणि थोड्या वेळाने मान हलवली. हव, आता बरं वाटतंय, असं ती छत्तीसगढीत म्हणाली, आणि आम्हाला जेवून जा म्हणाली. आम्ही निघालो तेव्हा मुलगा फाटकापर्यंत सोडायला आला. भैयाने त्याचा हात धरला आणि सोडेचना.

"इसकी आवाज़ पर कान रखना," तो म्हणाला. "बंद हो तो दौड़ना। वो बोलेंगी मैं ठीक हूँ।"

"जी भैया।"

"मानना मत।"